ओट्याचे माप

मोशीतल्या आमच्या वर्कशॉपमध्ये स्वयंपाकघराचे काम घेऊन येणारा माणूस आधी मोबाइल पुढे करतो. त्यात फोटो असतात. मोरपंखी कपाटे, पिवळीधमक भिंत, पितळी मुठी, ओट्यामागे नक्षीदार टाइल्स. "असेच हवे," असे सांगून तो लगेच खर्च विचारतो. आम्ही त्याला उलट विचारतो, "ओट्यापाशी जास्त वेळ कोण उभे राहते?" उत्तर यायला थोडा वेळ लागतो, कारण जी उभी राहते ती बहुधा सोबत आलेली नसते.

आम्ही नवरा-बायको मिळून हे काम करतो. एकाच्या हातात रंधा, दुसरीच्या हातात टेप आणि वही. ही वाटणी सोयीची पडली. घरातल्या बायका आपल्या कंबरदुखीबद्दल मिस्त्रीशी बोलत नाहीत, पण मिस्त्रीच्या बायकोशी बोलतात. या बोलण्यातून आम्हाला जे कळले ते इथे सांगावेसे वाटते, कारण स्वयंपाकघर प्रत्येक घरात आहे आणि त्याच्यावर खर्च करण्याची वेळ प्रत्येकावर कधी ना कधी येते.

मोशी म्हटले की आता लोकांच्या डोळ्यांपुढे उंच इमारती येतात. १९९७ साली गाव पिंपरी-चिंचवड महापालिकेत आले. भोसरी आणि चाकणच्या कारखान्यांत काम करणारी कुटुंबे इथे राहायला आली आणि पुणे-नाशिक रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी फ्लॅट उभे राहिले. फ्लॅटमधली कामे आमचे पोट भरतात. पण मन रमते ते जुन्या घरांत. इंद्रायणीकाठच्या गावठाणांत अजून काही वाडे उभे आहेत. त्याच रस्त्याने वर गेले की चाकण, राजगुरुनगर, मंचर लागते, नारायणगावाहून डावीकडे वळले की जुन्नर. कंपनीत पंधरा-वीस वर्षे नोकरी केलेला माणूस हातात चार पैसे आले की गावाकडचे वडिलार्जित घर दुरुस्त करायला काढतो. आणि दुरुस्तीची सुरुवात तो बावर्चीखान्यापासून करतो, कारण घरातली सर्वांत काळवंडलेली, सर्वांत अंधारी खोली तीच असते.

अशा घरात दुकानात मिळणारे तयार किचन बसत नाही. तयार खोकी ठरलेल्या रुंदीची येतात, ४५०, ६००, ९०० मिलिमीटर. ती सरळ भिंतीसाठी बनवलेली असतात. जुनी भिंत दीड-दोन फूट जाड, दगड-मातीची किंवा विटांची, वर चुन्याचा गिलावा. ओळंबा सोडला की वरच्या आणि खालच्या टोकात इंच-दीड इंचाचा फरक निघतो. कोपरे काटकोनात नसतात. म्हणून आम्ही प्रत्येक भिंत तीन ठिकाणी मोजतो, जमिनीपाशी, ओट्याच्या उंचीवर आणि डोक्याच्या वर. मग खोलीचे दोन्ही कर्ण मोजतो. भिंतीचा बाक जिथे जास्त असेल तिथे पुठ्ठ्याचा फर्मा कापून घेतो आणि लाकडाची पट्टी त्या फर्म्याप्रमाणे घासून बसवतो. कोनाडे बुजवायचे नाहीत, त्यांना कपाट समजायचे. एवढे केले की नवे काम जुन्या घरात उपरे वाटत नाही.

पण भिंतीचे माप घेणे सोपे आहे. अवघड असते ते माणसाचे.

जुन्नरच्या एका जुन्या मोहल्ल्यातले घर आम्हाला यासाठी आठवते. वरच्या मजल्याला सागवानी तुळया, मागे कौलारू बावर्चीखाना, त्याला एकच लहान खिडकी. वडील वारले होते. आई, दोन मुलगे, एक मुलगी. थोरला मुलगा चाकणच्या एका कारखान्यात होता. तो आठवड्यातून एकदा घरी यायचा. त्याची बायको आणि आई मात्र बारा महिने तिथेच राहायच्या. भाईजानने फोटो दाखवला, रंग निवडला, चार लाखांपर्यंत खर्च करायची तयारी दाखवली. आम्ही माप घ्यायला गेलो.

ओट्याची उंची निघाली ३५ इंच. ओट्याखाली एक लाकडी पाट होता, मध्ये झिजून खोलगट झालेला. पाट इथे कशाला, असे विचारल्यावर भाभी हसली. "त्याच्यावर उभी राहते. नाहीतर लाटणे फिरत नाही." भाभीची उंची चार फूट दहा इंच. लग्न होऊन आल्यापासून ती त्या पाटावर उभी राहून चपात्या लाटत होती. सहरीला पहाटे अर्धवट झोपेत, हातात गरम तवा असताना, ती त्या पाटावरून चढत-उतरत होती. भाईजान शेजारीच उभा होता. त्याने तो पाट रोज पाहिला होता, पण त्याचे कारण त्याला त्या दिवशी कळले.

ओट्याचे माप काढायची रीत साधी आहे. जी स्वयंपाक करते तिने चप्पल काढून सरळ उभे राहायचे, खांदे सैल सोडायचे आणि कोपर काटकोनात दुमडायचे. जमिनीपासून कोपरापर्यंतचे अंतर मोजायचे आणि त्यातून चार ते सहा इंच वजा करायचे. चिरण्यासाठी, लाटण्यासाठी तेवढी उंची ठीक. शेगडीची जागा त्याहून दोन-तीन इंच खाली हवी, कारण शेगडी आणि पातेले यांची उंची वर येते. भाभीचे कोपर ३६ इंचांवर आले, म्हणजे ओटा ३१ इंचांचा. चार इंचांचा फरक. वाचायला किरकोळ वाटेल, पण खांदे उचलून दिवसाला तीस-चाळीस चपात्या लाटणाऱ्या बाईला तो रात्री झोपताना कळतो.

अम्मीचे माप निराळे होते. त्यांना उभे राहून काम करण्याची सवयच नव्हती. मेथी निवडणे, कणीक मळणे, शेवया मोडणे, सगळे जमिनीवर बसून. पण आता गुडघे दुखत होते. खाली बसता येई, उठता येत नसे. त्यांच्यासाठी खिडकीखाली १५ इंच उंचीची रुंद बैठक ठरली, एका बाजूला परात ठेवायला जागा, उठताना धरायला लाकडी दांडा. एका खोलीत दोन उंच्या. फोटोतल्या किचनमध्ये ही बैठक कुठेच नव्हती.

जगात गाजलेल्या एका स्वयंपाकघराची गोष्ट इथे सांगण्यासारखी आहे. १९२६ साली जर्मनीतल्या फ्रँकफुर्ट शहरात कामगारांसाठी नवी घरे बांधली जात होती. त्यांच्यासाठी मार्गारेटे शुटे-लिहोत्स्की या तरुण वास्तुरचनाकार बाईंनी एक स्वयंपाकघर तयार केले, साधारण १.९ मीटर रुंद आणि ३.४ मीटर लांब. बाईने किती पावले टाकली, काय उचलायला किती वेळ लागला, याचा हिशेब करून त्यांनी प्रत्येक वस्तूची जागा ठरवली. बसून काम करता यावे म्हणून स्टूल दिले. पिठाचे खण ओकच्या लाकडाचे केले, कारण त्यातल्या तुरटपणामुळे किडे लागत नाहीत. कपाटांना निळसर रंग दिला, कारण निळ्या रंगावर माश्या बसत नाहीत असे त्या वेळी मानले जाई. अशी सुमारे दहा हजार स्वयंपाकघरे बसवली गेली आणि आजच्या सगळ्या मॉड्युलर किचनची ती आजी मानली जाते. त्या बाईंनी पुढे स्वतःच सांगितले की ते स्वयंपाकघर करण्याआधी त्यांनी कधी घर चालवले नव्हते, स्वयंपाकही केला नव्हता. त्यांची बुद्धी मोठी होती आणि हेतू चांगला होता. पण दहा हजार घरांतल्या उंच, बुटक्या, तरुण, म्हाताऱ्या सगळ्या बायकांना एकच माप मिळाले. आमच्याकडचा ३४-३५ इंची ओटा हा त्याच विचाराचा वारस आहे.

आता रंगाबद्दल. रंग हा परदेशी फोटोंतून आलेला शौक आहे असे काही वडीलधाऱ्यांना वाटते. आमचा अनुभव वेगळा आहे. जुनी घरे रंगीतच होती. चुन्यात नीळ कालवून भिंती फिकट निळ्या करत. खालच्या पट्ट्याला काव लावत, कुठे पिवडी. दारे-खिडक्या हिरव्या. १९२२ साली सुरू झालेल्या 'भारत टाइल्स'सारख्या कारखान्यांच्या रंगीत सिमेंटच्या फरश्या अनेक जुन्या घरांत आजही पायांखाली आहेत. या फरश्या भट्टीत भाजत नाहीत. साच्यात रंगाचा थर ओतून, वर सिमेंट घालून, यंत्राने दाबतात आणि पाण्यात मुरवतात. म्हणून घासून पॉलिश केले की शंभर वर्षांनीही रंग पुन्हा वर येतो. अशी फरशी असेल तर तिच्यावर नवी चकचकीत टाइल चिकटवू नका, असे आम्ही प्रत्येक घरात हात जोडून सांगतो.

जुन्नरच्या घरात खिडकीच्या झडपेवरचा तेलरंग थोडा खरवडून पाहिला. वर तपकिरी, त्याखाली हिरवा, सर्वांत खाली निळा. अम्मी म्हणाल्या, "मी आले तेव्हा निळा होता." आम्हाला वाटले, रंग ठरला. भाईजानलाही निळाच आवडला होता. पण भाभीला निळा नको होता. तिला पिवळा हवा होता. का, असे विचारल्यावर तिने दोन कारणे दिली. एक, खोली अंधारी आहे आणि तिचा दिवस पहाटे पाचला तिथेच सुरू होतो. दोन, पिवळ्यावर हळदीचा डाग दिसत नाही. दुसरे कारण ऐकून आम्ही दोघेही हसलो, पण ते कारण पक्के होते. पांढऱ्या सनमायकावर पडलेला हळदीचा हात घासून घासून बायका थकतात, हे आम्ही पुष्कळ घरांत पाहिले आहे. भाईजान काही बोलणार, तेवढ्यात अम्मीच म्हणाल्या, "जिला उभे राहायचे आहे, तिचा रंग." विषय संपला.

जुना तेलरंग खरवडताना एक काळजी घ्यावी लागते. पूर्वीच्या रंगांत शिसे असे. आपल्या देशात घरगुती रंगांतल्या शिशावर ९० पीपीएमची मर्यादा १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. त्याआधीचा रंग कोरडा घासला तर ती धूळ श्वासातून आणि हातांतून पोटात जाते, आणि लहान मुलांच्या मेंदूला ती फार घातक असते. म्हणून पाणी मारून, ओला ठेवून घासायचा, तोंडाला मास्क बांधायचा, मुलांना आणि गरोदर बाईला त्या दिवसांत दुसऱ्या घरी पाठवायचे आणि खरवड गोळा करून पिशवीत बांधायची, अंगणात झाडून टाकायची नाही.

काम सुरू होणार, तेवढ्यात ते थांबले. मुंब्र्याला दिलेली बहीण दोन दिवसांसाठी माहेरी आली होती. आम्ही टेप लावून उभे होतो. दारातून तिने शांतपणे विचारले, "घर अजून अब्बांच्याच नावावर आहे ना? मग कोणाच्या घराला रंग देताय?"

कोणालाच उत्तर सुचले नाही. धाकट्या भावाने विषय हसण्यावारी नेण्याचा प्रयत्न केला. भाईजान म्हणाला, "बाजी, तुला काय कमी आहे? तू कधीही ये, घर तुझेच आहे." हे वाक्य आम्ही किती घरांत ऐकले आहे! ते प्रेमानेच म्हटलेले असते. पण घर तुझेच आहे म्हणणे आणि कागदावर तुझा इतका हिस्सा आहे म्हणणे, यांत पुष्कळ अंतर आहे. बहिणीने भांडण केले नाही. ती एवढेच म्हणाली, "हक्क लिहा. घ्यायचा की सोडायचा, ते मग मी ठरवीन."

आम्ही बाहेरची माणसे. आम्ही सामान आवरले आणि सांगितले की घरच्यांचे ठरले की बोलवा. भाईजानला वाईट वाटले असावे. पण वाटण्या न झालेल्या घरात चार लाखांचे काम केले की नंतर त्या चार लाखांचीही वाटणी निघते, आणि नाती तुटतात ती तिथे.

ते कुटुंब मशिदीच्या इमामसाहेबांकडे आणि मग वकिलाकडे गेले. हिशेब अवघड नव्हता. आधी मय्यतीचा खर्च, कर्ज आणि राहिलेला मेहर, मग वसीयत असेल तर ती, आणि उरलेल्यात वारसांचे हिस्से. सूरह निसामध्ये हे हिस्से ठरवून दिलेले आहेत. वडिलांचे आई-वडील हयात नव्हते. वारस म्हणजे पत्नी, दोन मुलगे, एक मुलगी. मुले असल्यामुळे पत्नीचा आठवा हिस्सा, आणि बाकीच्यात मुलाला मुलीच्या दुप्पट. घराचे चाळीस भाग धरले तर अम्मीचे पाच, भावांचे चौदा-चौदा, बहिणीचे सात. पाच, चौदा, चौदा, सात. लाकडाचा माणूस चाळीस इंचांची फळी कापताना जितक्या सहज खुणा करील, तितकाच सरळ हा हिशेब. मोजायला सोपा असूनही आपल्या किती घरांत तो मोजलाच जात नाही! बहिणीकडून 'माफ केले' असे चारचौघांत म्हणवून घेतले जाते. माहेर तुटेल या भीतीने जी माफी निघते तिला राजीखुशी म्हणता येत नाही, हे आपण सगळेच आतून जाणतो.

बहिणीने आपला हिस्सा रोख घ्यायचे ठरवले. तिच्या मुलाच्या शिक्षणाला पैसे हवे होते. घराची किंमत ठरली, पैसे तीन हप्त्यांत द्यायचे लेखी ठरले. सगळे फिटल्यावर दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात हक्कसोडपत्राची नोंदणी करायची, असेही लिहिले गेले. स्थावर मालमत्तेतला हक्क सोडायचा तर नोंदणीकृत दस्त लागतो, तोंडी बोलणे किंवा साध्या कागदावरची सही पुरत नाही. पहिला हप्ता दिल्यावर भाईजानने आम्हाला बोलावले. सहा आठवडे गेले होते. आता त्याच्याकडे चार लाखांऐवजी दोन लाख होते. त्याने बँकेच्या कर्जाबद्दल विचारले, पण व्याजाचा पैसा घरात आणायला अम्मींची तयारी नव्हती. सूरह फुरकानमध्ये खर्चाबाबत उधळपट्टी आणि कंजुषी यांच्यामधली वाट चांगली म्हटली आहे. आम्ही सांगितले, दोन लाखांत काम होईल, आणि रंग तोच राहील.

ते असे झाले. महागड्या पॉलिश केलेल्या कपाटांचा विचार सोडला. ओट्याखाली कडप्प्याचे उभे पाट आणि कडप्प्याचेच खण केले. कडप्प्याला ओल लागत नाही, वाळवी लागत नाही, आणि तो चांगल्या प्लायपेक्षा स्वस्त पडतो. फक्त समोरच्या झडपा लाकडी. त्यासाठी घरातल्याच माळ्यावर पडलेली सागवानाची जुनी दारे कापून घेतली. त्यांना पिवळा रंग, दोन हात. सगळ्या कामात सर्वांत स्वस्त गोष्ट ठरली ती रंग. छपरात ओट्याच्या वर दोन काचेची कौले बसवली, आणि भर दुपारी दिवा लावावा लागणारी ती खोली उजळली. भिंतींवर सिमेंट मारले नाही. जुन्या दगड-मातीच्या भिंतीला श्वास घ्यावा लागतो. वर सिमेंट किंवा प्लॅस्टिक रंग चढवला की ओल आत कोंडते आणि दोन-चार पावसाळ्यांत पापुद्रे सुटतात. म्हणून चुन्याचाच गिलावा दुरुस्त केला आणि चुन्याचाच हात दिला. अम्मींच्या बैठकीवरच्या कोनाड्यात थोडी नीळ कालवली. ते कोणी सांगितले नव्हते, भाभीनेच सुचवले.

ज्यांच्या घरी प्लायचे काम होणार आहे त्यांच्यासाठी थोडे. स्वयंपाकघरात जे दिसते ते सनमायका आणि रंग, जे टिकते ते आतले प्लाय. सिंकखाली आणि ओट्याखाली पाण्यात टिकणारे प्लाय हवे, ज्यावर आयएसआय चिन्हासोबत आयएस ७१० असे छापलेले असते. हे प्लाय ७२ तास उकळत्या पाण्याच्या चाचणीत टिकावे लागते. साधे प्लाय बैठकीच्या खोलीत चालेल, इथे नाही. सनमायका चिकटण्याआधी शिक्का स्वतः पाहा आणि फोटो काढून ठेवा. शंका आली तर हातभर तुकडा मागून घ्या आणि घरच्या पातेल्यात काही तास उकळा. थर सुटले तर तुम्हाला उत्तर मिळाले. कपाटाची पाठ जुन्या भिंतीला चिकटवू नका, इंचभर फट ठेवा. सिलिंडर ओट्याखाली असेल तर झडपेच्या तळाशी जाळी हवी, कारण सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड असतो आणि जमिनीलगत साचतो. पाइपातून येणारा गॅस हवेपेक्षा हलका असतो, त्यासाठी वरची खिडकी किंवा झरोका उघडा राहिला पाहिजे.

या आतल्या गोष्टींत फसवणे फार सोपे असते, म्हणून आमच्या धंद्यात एक प्रसंग नेहमी लक्षात ठेवावा लागतो. सहीह मुस्लिममध्ये तो आला आहे. बाजारातून जाताना प्रेषित मुहम्मद (स.) यांनी धान्याच्या ढिगात हात घातला आणि बोटांना ओल लागली. पावसाने भिजले, असे विक्रेता म्हणाला. मग भिजलेले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाहीस, असे त्यांनी विचारले, आणि फसवणारा आपल्यातला नव्हे असे बजावले. सनमायकाखालचे हलके प्लाय म्हणजे ढिगाखालचे ओले धान्यच. कुरआनात तर मापात कमी देणाऱ्यांच्या नावाने एक पूर्ण सूरह आहे, मुतफ्फिफीन. घेताना पुरते मोजून घेणारे आणि देताना हात आखडणारे, अशांना तिथे इशारा दिला आहे.

ती सूरह व्यापाऱ्यांसाठी आहे असे समजून आपण पुढे जातो. पण मापे घरातही असतात. बहिणीचा हिस्सा हे एक माप. कोपरापासून जमिनीपर्यंतचे अंतर हे दुसरे. आपण तिच्या हातचे पोटभर जेवतो, म्हणजे पुरते मोजून घेतो. मग तिला उभे राहायला नीट जागा देताना चार इंचांची चूक वर्षानुवर्षे तशीच का राहते? प्रेषित (स.) घरी असताना घरच्यांच्या कामाला हातभार लावत, असे हजरत आयशा (रजि.) यांनी सांगितल्याचे बुखारीत आहे. ज्या घरात पुरुष कधीमधी तरी ओट्यापाशी उभा राहतो, त्या घरात पाट कशासाठी आहे हे विचारावे लागत नाही.

जुने घर दुरुस्त करायचे असो किंवा फ्लॅटमधला ओटा फोडायचा असो, एक काम आजच करता येईल. घरात जी रोज स्वयंपाक करते तिला सरळ उभे करा, कोपर दुमडायला सांगा आणि माप घ्या. पाच इंच वजा करून ओट्याशी ताडून पाहा. ओटा उंच असेल आणि फोडणे परवडत नसेल, तर पूर्ण लांबीची, न हलणारी, सहा इंचांपर्यंतची लाकडी पायरी कोणताही मिस्त्री एका दिवसात करून देईल. ओटा खाली असेल तर चार पायांचा जाड लाकडी पाट वर ठेवून त्यावर चिरता-लाटता येते. आणि घर वडिलांच्या नावावर असेल, तर रंगाच्या दुकानात जाण्याआधी बहिणीला फोन करा. रंग कोणता घ्यायचा, हे त्यानंतर त्या ओट्यापाशी उभी राहणारी सांगेल. अल्लाह आपल्या सर्वांच्या दस्तरखानात बरकत देवो आणि आपल्या हातून कोणाचे माप कमी न होवो. आमीन.